पात्राने पदरमोड करावी

ताई,
गेलं वर्षभर मी ईव्ह ऑनलाइन हा अवकाशजहाजांचा गेम खेळतोय, तोही रोलप्ले करत, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून. माझं पात्र म्हणजे गेममधल्या अमार साम्राज्यातला एक माजी धर्मोपदेशक. त्याची अकरा पानी पूर्वकथा लिहिली, तिचा सारांश बायोमध्ये, म्हणजे पात्राच्या परिचयात, टाकला. आजवर एकानेही त्याबद्दल विचारलेलं नाही. शाळेपासूनच्या मित्राने शब्द टाकला म्हणून त्याच्या नल-सेकमधल्या (जिथे कायदा-पोलीस काही नाही) कॉर्पने, म्हणजे खेळाडूंच्या संघाने, मला घेतलं. तिथे सगळे फिटिंग (जहाजावर काय बसवायचं) आणि इस्क (गेममधले पैसे) यांवरच बोलतात. मी पात्राच्या भाषेत बोललो की हसतात. मागच्या महिन्यात गेटकॅम्पवर, म्हणजे प्रवासाच्या गेटपाशी दबा धरून बसलेल्या टोळीत, मी टॅकलला होतो; येणारं जहाज धरून ठेवायचं काम माझं. एक एकटं मालवाहू जहाज आलं. निःशस्त्रावर हल्ला करायचा नाही अशी माझ्या पात्राची शपथ आहे, म्हणून मी पॉइंट, म्हणजे जहाजाला पळू न देणारं यंत्र, लावलाच नाही. 'लॅग आला' (नेट अडखळलं) म्हणून सांगितलं. जहाज निसटलं, एफसी (आमच्या फ्लीटचा, म्हणजे ताफ्याचा, कमांडर) भडकला. नंतर मित्राला खरं कारण सांगितलं, तर तो म्हणाला, 'तुझ्या नाटकापायी सगळ्यांची रात्र वाया गेली.' आता शत्रू अलायन्समधल्या (कॉर्पच्या युतीतल्या) एका रोलप्ले करणाऱ्या खेळाडूने सुचवलंय, की मी कॉर्पचं हँगर, म्हणजे सामाईक गोदाम, रिकामं करून त्यांच्याकडे यावं. धर्मोपदेशकाच्या कथेला याहून सुंदर वळण मिळणार नाही म्हणे. गेममध्ये हे चालतं. माझं पात्र असंच वागेल असं मलाही वाटतं. करू का? की नवं पात्र काढून पहिल्यापासून सुरुवात करू? हल्ली गेम बंद केल्यावरही कितीतरी वेळ डोकं तापलेलं असतं.
एक वैमानिक

प्रिय वैमानिका,

हँगरला हात लावू नकोस. कारण पुढे येईलच, पण पत्राचा सूर पाहता तू माझं उत्तर येईपर्यंत थांबशील की नाही याची खात्री वाटेना, म्हणून हे आधी.

सुरुवात त्या मालवाहू जहाजापासून करू. तू लिहितोस, पात्राने शपथ पाळली. मला तर त्या प्रसंगात पात्र कुठे दिसतच नाही. धर्मोपदेशक 'नाही' म्हणाला असता तर कुणीतरी ते ऐकलं असतं. सगळ्यांनी ऐकलं ते 'लॅग आला.' हे वाक्य त्याचं नाही, तुझं आहे, आणि ते खोटं आहे. शपथ पाळल्याचं पुण्य पात्राला मिळालं, खोटं बोलणं तुझ्या वाट्याला आलं, आणि शिकार गेली ती तुझ्याबरोबर गेटवर ताटकळत बसलेल्यांची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंस, दुसरं काय!

शपथेत काही वाईट नाही. उलट तुझ्या सगळ्या पत्रात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. पण गेटकॅम्पवर टॅकलची जागा घेणं म्हणजे येईल त्याला धरून ठेवीन असा शब्द देणं. बाकीचे त्याच भरवशावर मोठी, सुस्त जहाजं घेऊन बसलेले असतात. शपथ सांगायची वेळ फ्लीट निघण्याआधीची होती. 'एफसी, माझा माणूस निःशस्त्र जहाजाला धरत नाही. मला टॅकलला ठेवू नका, पुढच्या ताऱ्याच्या सिस्टिममध्ये टेहळणीला पाठवा.' दोघेचौघे हसले असते. हसू देत. एफसीला मात्र कोण काय करणार हे ठाऊक असतं, आणि त्याला तेवढंच हवं असतं.

आता यातली गंमत बघ. तू टेहळणीला गेलास, तिकडून ते जहाज येताना दिसलं, आणि तू खबर दिलीस. पॉइंट दुसऱ्याने लावला. तुझ्या धर्मोपदेशकाचे हात स्वच्छ राहिले का? खबर देणारा आणि गोळी घालणारा यांत तो फरक करतो का? त्याचा धर्म करतो का? अकरा पानांत तुला न सापडलेली गोष्ट इथे सापडते, आणि कुणाची रात्र वाया न घालवता.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पात्राने पदरमोड करावी. त्याची तत्त्वं, त्याचा माज, त्याची भक्ती, त्याची गद्दारी, या सगळ्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या खात्यातून गेला पाहिजे. त्याचं जहाज, त्याचं इस्क, त्याचा वेळ, त्याने स्वतः कमावलेलं नाव. सोबत्यांच्या किंवा मित्राच्या खात्यातून गेला की इतरांना तो रोलप्ले वाटत नाही. तुझ्या मित्राने 'नाटक' हा शब्द चिडून वापरला, पण त्याची तक्रार नाटकाबद्दल नव्हती, तिकिटाचे पैसे त्याच्याकडून घेतल्याबद्दल होती.

आणि त्यासाठी तू अगदी योग्य गेम निवडलायस. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे न्यू ईडनमध्ये, म्हणजे ईव्हच्या विश्वात, जितकं खरं आहे तितकं फार थोड्या गेममध्ये असेल. ईव्ह २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला, आणि चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर, एकाच विश्वात असतात. जहाज फुटलं की फुटलं; विमा थोडीफार भरपाई देतो, वाचलेले मॉड्यूल लुटणारा घेऊन जातो. पॉड, म्हणजे वैमानिकाची कुपी, फुटला तर तू नव्या क्लोनमध्ये जागा होतोस, पण जुन्या डोक्यातले इम्प्लांट गेलेले असतात. म्हणजे मृत्यूला इथे किंमत नाही आणि मालमत्तेला आहे. जिथे कुणी कायमचं मरतच नाही तिथे 'मी प्राण देईन' ही फुकटची भाषा. 'मी हे जहाज देईन' म्हटलं की लोक मान वर करून बघतात.

पूर्वकथेचं दुखणंही यातूनच येतं. अकरा पानांत धर्मोपदेशकाने जे काही सोसलंय ते सगळं तू त्याला फुकट दिलंयस. वाचणाऱ्याला ते कळतं, निदान जाणवतं. शिवाय खरं सांगायचं तर, दुसऱ्याची पूर्वकथा वाचायला कुणालाच फारशी हौस नसते. प्रत्येकाच्या खिशात स्वतःची एक असते. पण या गेममध्ये प्रत्येक पात्राजवळ आणखी एक चरित्र असतं, ते लोक आवर्जून वाचतात. ते म्हणजे एम्प्लॉयमेंट हिस्टरी. कोणत्या कॉर्पमध्ये कधी आला, कधी गेला, याची नोंद, सगळ्यांना दिसणारी, पुसता न येणारी. तिच्या जोडीला किलबोर्ड, म्हणजे कुणी कुणाचं जहाज फोडलं याची यादी. भरती करणारा अधिकारी बायोकडे ढुंकून पाहत नाही, पण हे दोन्ही बारकाईने तपासतो. तुझा धर्मोपदेशक कोण आहे हे तिथे लिहिलं जातंय, रोज, तू लक्ष देत असशील वा नसशील.

एलिट डेंजरस या दुसऱ्या अवकाश-गेममधल्या फ्युएल रॅट्सचं उदाहरण घे. अवकाशात कुठे तरी इंधन संपून अडकलेल्या खेळाडूला गाठून इंधन देणं, एवढंच काम २०१५ पासून हे खेळाडू करत आलेत. कुणाचं बालपण कुठे गेलं, कुणाचा गुरू कोण, कुणाला ठाऊक नाही. पण हाक मारली की येतात म्हणून त्या आकाशगंगेत त्यांचं नाव आहे. हजारो प्रकाशवर्षं तुडवत दुसऱ्याकडे इंधन घेऊन जाण्यात स्वतःचा फायदा शून्य असतो, आणि तो शून्य आहे म्हणूनच ते पात्र लक्षात राहतं.

तर अकरा पानांचं काय करायचं? तुझ्याजवळ ठेव. तुला त्या माणसाचा आवाज सापडायला ती उपयोगी पडली असतील. बायोमध्ये मात्र दोन ओळी ठेव, आणि त्यांत भूतकाळ नको. तो काय करतो आणि काय करत नाही तेवढं लिही. 'निःशस्त्राला धरत नाही. खंडणी घेतली तर सोडतो.' हे वाचून समोरचा तुझी परीक्षा घेईल, आणि परीक्षा घेणं म्हणजे तुझ्याबरोबर खेळणंच.

नियम थोडे असावेत आणि प्रत्येकाने तुझा खिसा हलका करावा. न करणारा नियम नुसती सजावट होते. अमार माणसासाठी सहज सुचतात ते सांगते. फक्त अमार बनावटीची जहाजं उडवायची. सोनेरी, चिलखती, लेझरवाली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कॉर्पचं डॉक्ट्रिन (फ्लीटने कोणती जहाजं आणायची याचा ठराव) कल्डारी या दुसऱ्या सत्तेच्या जहाजांचं निघालं की घाम फुटतो: एक तर त्या फ्लीटमध्ये जाता येत नाही, किंवा चालेल अशी दुसरी भूमिका शोधून आधी परवानगी घ्यावी लागते. खंडणीचा शब्द पाळणं हा दुसरा. इस्क घेऊनही जहाज फोडणारे पैशाला पासरी मिळतात. घेतलं आणि खरंच सोडलं, असं दोनचारदा घडलं की अनोळखी लोक तुला नावाने ओळखायला लागतात.

तिसरा नियम माझा आवडता, आणि गेमच्या कथाविश्वातच त्याचं मूळ आहे. कॅप्सुलिअर, म्हणजे तुझ्यासारखा वैमानिक, अमर असतो, त्याच्या जहाजावरचा क्रू नसतो. मोठ्या जहाजांवर माणसं हजारांनी असतात असं ती कथा सांगते, आणि जहाज फुटलं की वैमानिक उबदार क्लोनमध्ये जागा होतो, ती माणसं होत नाहीत. जवळपास सगळे खेळाडू हे विसरून जातात. धर्मोपदेशकाला विसरता येईल का? समजा, मोठं जहाज गमावलं की त्या दिवशी तो पुन्हा अनडॉक होत नाही, म्हणजे स्थानकाबाहेर पडत नाही. कॉर्पला आधी सांगून ठेवायचं, 'जहाज गेलं तर माझी आजची रात्र संपली.' पहिल्यांदा हसतील. महिन्याभराने कुणीतरी विचारेल, का रे बाबा? तेव्हा एका वाक्यात सांग, आणि गप्प बस.

नियम महाग पडला म्हणून काय होतं, याचं ईव्हमधलं सर्वांत मोठं उदाहरण तुझ्याच साम्राज्याच्या भक्तांचं आहे. क्युराटोरेस व्हेरिटाटिस अलायन्स, म्हणजे सीव्हीए. नल-सेकचा सर्रास नियम एनबीएसआय: निळा, म्हणजे मित्रांच्या यादीतला, नसेल त्याला उडव. सोपा, सुरक्षित, डोकं लावावं लागत नाही. सीव्हीएने प्रॉव्हिडन्स या प्रदेशात वर्षानुवर्षं एनआरडीएस चालवला: लाल, म्हणजे शत्रूंच्या यादीतला, नसेल त्याच्यावर गोळी नाही. म्हणजे अनोळखी माणूस आला तर आधी यादी तपासा. तोवर त्याने पहिली गोळी घातली तर सोसा. साम्राज्याची सीमा राखायची तर तिथे कायदा हवा, ही त्यांच्या पात्रांची भूमिका, आणि हजारो बिगर-रोलप्ले खेळाडू त्या कायद्याच्या आधाराने त्या प्रदेशात खाणकाम करत होते, व्यापार करत होते. गुलामगिरी मुक्तीसाठी लढणाऱ्या मिन्मतार (अमारने गुलाम केलेले लोक) अलायन्सशी, उश्राखानशी, त्यांचं हाडवैर. प्रॉव्हिडन्स त्यांच्या हातून गेलंही. पण अमार भक्त म्हणजे कसे, हे सांगायला त्यांना बायो लागला नाही.

गुलामगिरीचा विषय निघालाच आहे तर. अमार साम्राज्य गुलाम बाळगणारं आहे, ते त्याचं धर्माच्या नावाने समर्थन करतं, आणि तुझं पात्र त्या व्यवस्थेतून आलंय. वाईट माणसाचं पात्र करण्यात मला काही वावगं वाटत नाही. सगळेच साधुसंत झाले तर अवकाश ओस पडेल. फक्त पात्राची तुच्छता मिन्मतार पात्राच्या अंगावर पडावी, समोरच्या खऱ्या माणसाच्या नाही. त्याचा देश, त्याची भाषा, त्याचा धर्म, त्याचं इंग्रजी, त्याचं वय, हे सगळं हद्दीबाहेर. आणि प्रसंग गंभीर असेल तर दुहेरी कंसात एक ओळ टाकून विचार, 'चालेल ना?' रोलप्ले करणारे कंसातलं बोलणं पात्राबाहेरचं समजतात. विचारल्याने रंगाचा बेरंग होत नाही. न विचारल्याने मात्र झालेला मी पाहिलाय.

आता हसणाऱ्यांबद्दल. फ्लीटच्या व्हॉइसवर पात्राच्या भाषेत बोलणं बंद कर. लढाई चालू असताना तर एक शब्दही नको. तिथे कान एफसीच्या आवाजाला लावलेले असतात, आणि 'सम्राज्ञीच्या कृपेने' अशी सुरुवात झाली की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा काम सांगणार तरी कधी. रोलप्ले मजकुरात जास्त फुलतो. लोकल चॅटमध्ये (त्या सिस्टिममधल्या सगळ्यांना दिसणाऱ्या) एक ओळ, किल झाल्यावर समोरच्याला एक पत्र, करार पाठवताना वर्णनात दोन शब्द. आणि सांगत सुटण्यापेक्षा विचारायला शीक. 'मी अमुक मठात वाढलो' याला कुणी काय उत्तर देणार? 'तुझं जहाज सोडतो, पण हा माल कुणासाठी नेतोयस ते सांग' याला कुणीही उत्तर देतं, आयुष्यात रोलप्ले न केलेलासुद्धा, आणि उत्तर देता देता तो तुझ्या प्रसंगात आलेला असतो. तुझ्या पात्राला समोरच्याकडून काहीतरी हवं असलं पाहिजे. टाळी एका हाताने वाजत नाही.

समोरचा तुझ्या संहितेप्रमाणे वागेल अशी आशा मात्र ठेवू नकोस. २०१७ च्या एप्रिलमध्ये एलिट डेंजरसमध्ये सॅलोमे नावाच्या पात्राला सुखरूप पोहोचवण्याचा मोठा प्रसंग रचला होता. संरक्षणाला कितीतरी खेळाडू, पाठलागाला कितीतरी. शेवटी तिला मारलं ते संरक्षकांत मिसळलेल्या एका खेळाडूने, आणि त्याने आपल्या कमांडरचं नाव ठेवलं होतं हॅरी पॉटर. अनेकांना ते सोसलं नाही. मला विचारशील तर खुल्या गेमचं बळ तिथेच आहे. कागदावरच्या रोलप्लेमध्ये 'मी तुला जखमी केलं', 'नाही, मला लागलंच नाही' असे वाद रंगतात. इथे लागलं की नाही हे सर्व्हर ठरवतो. कुणी तुझ्यावर गॉडमोडिंग, म्हणजे तुझं काय झालं ते आपल्याच शब्दाने ठरवणं, करू शकत नाही, तूही कुणावर करू शकत नाहीस. तुझ्या धर्मोपदेशकाचं भव्य हौतात्म्य एखाद्या विनोदी नावाच्या खेळाडूच्या हातून होऊ शकतं. ते पचवता यायला हवं.

कॉर्प बदलायचं की नाही हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो पत्रात आहेच. एनबीएसआयवर चालणाऱ्या कॉर्पमध्ये निःशस्त्राला न धरणारा माणूस कायम अडचणीत राहणार. त्या अडचणीतून गोष्टी निघत असतील तर राहा. नुसता मनस्ताप होत असेल तर तुझ्या माणसाला शोभेल अशी दुसरी घरं आहेत. २००८ पासून फॅक्शन वॉरफेअर आहे, म्हणजे खेळाडू बाजू घेऊन लढतात ते साम्राज्यांमधलं युद्ध. अमारच्या मिलिशियात (सेनेत) दाखल झालास की साम्राज्यनिष्ठेची खरी किंमत मोजायला लागते. मिन्मतार हाय-सेकमध्ये (पोलीस असलेल्या भागात) त्यांचं नौदल तुझ्या मागे लागेल, म्हणजे रेन्स, हेक इथल्या बाजारांना जवळपास रामराम. जिटा आणि अमार इथले बाजार राहतात, आणि तेवढं खरं तर पुरतं. किंवा अगदी दुसऱ्या टोकाला, सिग्नल कार्टेल हे कॉर्प. त्यांचं ब्रीदच दुसऱ्या खेळाडूवर आपणहून हल्ला न करण्याचं आहे; वर्महोलमध्ये (गेट नसलेल्या, वाट सापडणं कठीण अशा अवकाशात) अडकलेल्यांना बाहेर काढायला ते मदत करतात. त्यांच्यातल्या केटिया सेई या पात्राने न्यू ईडनमधल्या सगळ्या, म्हणजे ७,८०५ सिस्टिम एकही जहाज न गमावता पालथ्या घातल्या आणि २०१९ मध्ये तो प्रवास पुरा केला. गेममध्ये तिचा पुतळा उभारलाय.

बरं, हँगर.

ईव्हमध्ये चोरी आणि हेरगिरी खेळाचाच भाग आहेत, हे तू म्हणतोस ते बरोबर. २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब या भाडोत्री कॉर्पने एका कॉर्पमध्ये जवळपास वर्षभर माणसं पेरली, आतल्या जागा मिळवल्या, आणि एका ठरलेल्या क्षणी प्रमुखाचं जहाज फोडून हँगर साफ केली. २००९ च्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्स हे बलाढ्य अलायन्स एका फितूर डायरेक्टरने आतून विसर्जित केलं. त्यासाठी एक गोळीही झाडावी लागली नाही. या दोन्ही गोष्टी खेळाडू आजही चवीने सांगतात. मला त्या आवडतात का? फारशा नाहीत. पण हिशेब तपासला तर पहिली तरी चोख निघते. त्या हेरांनी विश्वास गेममध्ये येऊन, गेममधलं काम करून, पात्र म्हणून कमावला होता. जो कमावला तोच उडवला.

तुझ्यावरचा विश्वास कुणी कमावला? भरती करताना कॉर्पने धर्मोपदेशकाची परीक्षा घेतली नाही. तुझ्या मित्राने 'माझा शाळेपासूनचा मित्र आहे, मी ओळखतो त्याला' असं सांगितलं आणि दार उघडलं. हँगरची किल्ली तुझ्या हातात आहे ती त्या वाक्यामुळे. ते वाक्य तुझ्याबद्दलचं आहे. धर्मोपदेशकाचा त्यात पैचा वाटा नाही. तो हँगर लुटेल तेव्हा तोंडघशी पडेल तुझा मित्र, कॉर्पमध्ये त्याच्या शब्दाला पुढे कुणी विचारणार नाही, आणि तू त्याला काय सांगशील? 'मी नाही, माझ्या पात्राने केलं'? हे वाक्य मनातल्या मनात नको, मोठ्याने म्हणून बघ.

बाकीच्या कॉर्पवाल्यांबद्दल माझं मत इतकं कडक नाही. ईव्ह खेळायला बसला तो माणूस लुटला जाण्याची शक्यता मान्य करूनच बसतो. पण मित्राने ती मान्य केली ती अनोळखी लोकांच्या बाबतीत. तुझ्या बाबतीत केलेली नाही.

आणि तो सुचवणारा? त्याला तुझी कथा आवडलीही असेल. हँगर त्याहून जास्त आवडलंय. रोलप्लेची गोडी असलेल्या, एकट्या पडलेल्या, कॉर्पवर रुसलेल्या माणसाला गाठून 'तुला इथे कुणी समजून घेत नाही' म्हणणं, हे हेरगिरीतलं जुनं तंत्र आहे. माल हाती आल्यावर त्याचा उत्साह टिकतो का, हा प्रश्न स्वतःला विचार.

पात्राला खरंच बाजू बदलायची असेल तर उघडपणे बदल. मित्राला आधी सांग, पात्र बाजूला ठेवून, तुझ्या आवाजात. कॉर्पमधल्या भूमिका परत कर, कॉर्पची जहाजं जागेवर ठेव, रजा घे. मग धर्मोपदेशकाने आपल्या एकट्याच्या जहाजातून जावं आणि जाताना लोकलमध्ये एक ओळ सोडावी. दुसऱ्या आठवड्यात जुन्या सोबत्यांसमोर गेटवर उभं राहशील तेव्हा ते आनंदाने तुला फोडतील, आणि तुमच्यात एक वैर सुरू होईल, जे महिनोन्महिने पुरेल. हँगर लुटलं तर एका रात्रीत कथा संपते. दुसऱ्या दिवशी तुझ्याशी कुणी बोलायलाच उरत नाही. उघड फितुरीतून काय उभं राहतं ते २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. ट्रिग्लेव्हियन या परक्या लोकांच्या आक्रमणात कितीतरी खेळाडू आपलं साम्राज्य सोडून आक्रमकांच्या बाजूने जाहीरपणे लढले, आणि २७ सिस्टिम तोडून पोचवेन नावाचा नवा प्रदेश तयार झाला. नकाशा बदलला तो बदललाच.

डोकं तापण्याबद्दल. पात्राच्या भावना खेळाडूत झिरपतात, याला रोलप्ले करणारे ब्लीड म्हणतात, आणि थोडं ब्लीड झालं म्हणजे तू जीव ओतून खेळतोयस इतकंच. पण तुझा राग मला पात्राचा वाटत नाही. धर्मोपदेशकाला राग येण्यासारखं काय घडलंय? जहाज सुटलं, त्याला हवं होतं तसंच झालं. राग तुझा आहे, खोटं बोलावं लागल्याचा आणि मित्राने ऐकवल्याचा. तो गेम बंद करून जाणार नाही. मित्राला फोन कर. गेममधलं मेल नको, फोन. लॅग नव्हता हे एफसीलाही सांग. दोन मिनिटं वाईट जातील. आणि गेममधल्या छळाने कधी खरंच रडकुंडीला आलास, किंवा कुणी आलं, तर 'हे इनगेम आहे' या सबबीला भुलू नकोस. २०१४ मध्ये फसवलेल्या खेळाडूला व्हॉइस चॅनलवर तासन्तास छळल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा कंपनीलाच जाहीर करावं लागलं की असला छळ गेमच्या बाहेरच्या साधनांवरून केला तरी चालणार नाही.

राहिलं नवं पात्र. एका खात्यात तीन पात्रांची सोय असते, तेव्हा एखादा लबाड व्यापारी किंवा मिन्मतार बंडखोर करून बघायला हरकत नाही. फक्त एका वेळी सहसा एकाच पात्राचं स्किल ट्रेनिंग चालतं, म्हणजे नव्याला वेळ दिलास की धर्मोपदेशक तिथेच थांबतो. फुकटचं अल्फा खातं वेगळं काढलंस तर ते दुसऱ्या खात्याच्या जोडीने एकाच वेळी चालवता येत नाही, हे ध्यानात ठेव. तयार पात्र विकतही मिळतं, पण त्याच्याबरोबर दुसऱ्याने जगलेली एम्प्लॉयमेंट हिस्टरी येते, ती तुला काय कामाची? मी तुझ्या जागी असते तर धर्मोपदेशकच ठेवला असता. एवढं सगळं होईपर्यंत त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. आता एक सोडलेलं जहाज आहे, एक लपवलेली शपथ आहे, आणि शत्रूकडून आलेलं एक आमंत्रण आहे, ज्याला त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. नकार त्याच्या भाषेत लिही, आणि या वेळी 'लॅग आला' म्हणू नकोस.

तुझी
ताई